दहा दिवसांच्या आठवड्याबद्दल, ताई, आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

पन्नाशी-साठीतल्या आम्हा सगळ्या धावणाऱ्यांकडून हे जाहीर आभार. फिजिओथेरपिस्ट म्हणून दुखरी पोटरी चोळून, पट्टी लावून घरी पाठवणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही मात्र आमची सरावाची वही मागून घेतलीत आणि वेळापत्रकच नव्याने मांडून दिलंत.

इंटरव्हल (मध्ये दम घेत, तुकड्यातुकड्यांनी वेगात धावणं), टेम्पो (सलग, जोराच्या पण पेलेल अशा वेगाने) आणि लाँग रन (लांब पल्ल्याची संथ धाव), तिन्ही सात दिवसांत, हे पंचविशीचं गणित. वय वाढलं की स्नायूंची डागडुजी सावकाश होते. तुम्ही तोच सराव दहा दिवसांवर पसरलात: पहिल्या दिवशी इंटरव्हल, चौथ्या दिवशी टेम्पो, आठव्या दिवशी लाँग रन. मधल्या दिवसांत सायकल, चालणं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं हलकं धावणं, आणि निदान दोन दिवस काहीच नाही. लाँग रन दर रविवारी येत नाही ही कुरकुर तुम्ही शांतपणे ऐकून घेतलीत, पण बदल केला नाहीत. बरं झालं.

उठल्याउठल्या अंथरुणातच नाडी मोजायची सवयही तुमचीच. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त भरले, तर त्या दिवशीचा कठीण सराव पुढे ढकलायचा.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणारे यवतेश्वर घाटाच्या चढाला घाबरतात. तुम्ही उताराकडे बघायला शिकवलंत. चढताना दम लागतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूला खरा मार बसतो तो उतरताना, कारण ताणला जात असतानाच त्याला ब्रेकचं काम करावं लागतं. तंतूंना बारीक इजा होते आणि ठणका एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय ठीक वाटले म्हणून जोरात पळणारा म्हणूनच फसतो. यावर तुमचा उपाय: शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी छोट्या उतारांचा सराव, पावलं आखूड आणि भरभर. एकदा सोसलेला उतार स्नायू काही आठवडे लक्षात ठेवतो.

घोट्यामागच्या शिरेचा व्यायाम तर पाठच झालाय. पायरीच्या कडेवर चवडे, वर जाताना दोन्ही पाय, खाली येताना फक्त दुखरा, सावकाश. १५ वेळा, ३ फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. तेवढ्याच गुडघा किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. बिघडतं ते दोन ठिकाणी: वर जातानाही दुखऱ्या पायावरच जोर दिला जातो, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडलं जातं. आणि दुखणं अगदी टाचेच्या हाडाशी असेल तर टाच पायरीखाली न्यायचीच नाही, सपाट जमिनीवर करायचं, हा बारकावा तुम्ही आवर्जून सांगितलात.

खाण्याचं तर विशेष. लाँग रननंतर पोहे आणि चहा हा आपला ठरलेला बेत. त्यात साखर-पिष्ट भरपूर, प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात, म्हणून एका वेळी वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४ ग्रॅम: दोन अंडी, मोठा पेला दूध, मूठभर फुटाणे. पोहे बंद करा असं तुम्ही म्हटलं नाहीत, यासाठी वेगळे आभार.

धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका, घाम गाळलेल्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडावर पडतो, हे तुम्ही प्रत्येकाला बजावलंत. नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर व्यायाम न देता थेट अस्थितज्ज्ञाकडे पाठवलंत.

पुढच्या लाँग रनला पोहे आहेतच. सोबत उकडलेली अंडी आणि तुमच्यासाठी पनीर आणतोय. नक्की या.

तुमचे,
पहाटेचे धावणारे