उतरायचं कुठं?

मेट्रोवरची चर्चा बहुतेक वेळा किलोमीटर आणि कोटींच्या आकड्यांतच अडकते. फलाटावर उभ्या असलेल्या नवख्या माणसाला मात्र एकच घोर असतो, उतरायचं कुठं?

लंडनमध्ये १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे धावली, तीही वाफेच्या इंजिनावर (बोगद्यातल्या धुराची कल्पनाच केलेली बरी!). पण तिचा सुटसुटीत नकाशा यायला १९३३ उजाडलं. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने खरी अंतरं सरळ बाजूला ठेवली आणि विजेच्या सर्किटसारख्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेषा ओढल्या. त्यामुळे गंमत अशी होते, की लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे जेमतेम पाव किलोमीटरचं अंतरही नकाशावर चांगलं ऐसपैस दिसतं आणि अनोळखी पाहुणा चार मिनिटांच्या चालीसाठी तिकीट काढतो. तरी जगभर नक्कल झाली ती याच पद्धतीची.

मला त्याहून भावते ती मेक्सिको सिटीची युक्ती. १९६९ला तिथे मेट्रो सुरू झाली तेव्हा अक्षरओळख नसलेल्यांचाही विचार केला गेला आणि प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र दिलं. चापुल्तेपेकच्या पाटीवर नाकतोडा आहे, कारण नावाचा मूळ अर्थच ‘नाकतोड्याची टेकडी’. पिनो स्वारेसच्या पाटीवर एक छोटा पिरॅमिड आहे. स्थानकासाठी खोदताना तो तिथेच सापडला होता आणि आजही गाडी बदलताना प्रवासी त्याच्या शेजारून जातात.

— एक नियमित प्रवासी