बुजवलेले झरोके उघडल्याबद्दल

गवंडी तात्यांस,
सा. न. वि. वि.

चांदोलीच्या जंगलातल्या त्या छोट्या दगडी कोठाराची डागडुजी तुमच्या शब्दाखातर सिमेंटविना झाली. ‘मोलाचे मार्गदर्शन लाभले’ एवढं लिहून हे ऋण फिटायचं नाही, म्हणून काय केलंत तेच लिहितो.

सगळे छताकडे बघत होते, तुम्ही आधी झरोके शोधलेत. चारही झरोके जुन्या दुरुस्तीत बुजवलेले. आत वारा खेळेना, त्यात दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरलेल्या. माथ्यावरून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. मधली माती खाली वाहून भिंतीला पोट सुटलेलं. सिमेंट काढायला तुम्ही ग्राइंडर लावू दिला नाहीत. छन्नीनेच, दगडाची कड न उडवता, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल.

कळीचा चुना (भाजलेला, न विझवलेला) विझवून 3 आठवडे पाण्याखाली मुरवला, मग गाळला. 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (विटांची पूड), 2 भाग धुतलेली वाळू; हिरड्याचं पाणी आणि गूळ बेतानेच. गूळ जास्त झाला की चुना लवकर धरत नाही, मुंग्या लागतात त्या वेगळ्याच! वाळू बाहेरून डोक्यावर आणावी लागली, कारण राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्याची वाळू उचलता येत नाही. परवानगीच्या कागदात हे आधीच लिहून घ्या, हेही तुम्हीच सुचवलंत.

खरी मेहनत त्यानंतरची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्याला तोवर ओल लागते. उन्हाने एकदम वाळला तर नखाने भुगा होतो. म्हणून दरजा आधी भिजवून, अर्ध्या इंचाहून जाड थर न देता भरल्या आणि वर 14 दिवस ओली गोणपाटं. दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आत संपवा, असं तुम्ही बजावलं होतंत. वारणेच्या खोऱ्यातला पाऊस कच्च्या चुन्याची गय करत नाही.

पिंपळाची मुळं ओढू दिली नाहीत तेही बरं झालं. दोन दगड नक्की सोबत आले असते. बुंधा कापून मूळ भिंतीतच ठेवलं. पावसाळ्यानंतर फुटवा आला, तो लगेच छाटला.

झरोक्यांना बारीक जाळी नको, पानं अडकून पुन्हा बुजतील, या तुमच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या भोकांची जाळी बसवली आहे.

कळावे, लोभ असावा.
आपली,
कोठाराच्या कामावरची मंडळी