‘घरी काय म्हणता त्याला?’ असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. पण लहान मुलांच्या ऑटिझम-तपासणीचे तुम्ही घरोघरी जाऊन भरलेले अर्ज ज्या टेबलावर येतात, तिथून हे आभार चारचौघांत मानायचे होते.

तुमच्या प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक शब्द असतो. ‘चिंटू’. ‘बाय’. ‘पिल्या’. सुरुवातीला वाटलं, सहज गंमत म्हणून लिहिलंय. मग एम-चॅटचा, म्हणजे ऑटिझमची जोखीम पडताळायच्या आपल्या वीस प्रश्नांच्या यादीचा, दहावा प्रश्न आठवला: नावानं हाक मारली की मूल प्रतिसाद देतं का? अर्जावर जन्मदाखल्यातला ‘शिवांश’, आणि घरात त्या नावानं त्याला आजवर कुणी हाकच मारलेली नाही. वाचणारा विचारतो, “शिवांश म्हटलं की बघतो का हो?” आई खरं तेच सांगते, “नाही बघत.” पडला जोखमीचा एक गुण. तुम्ही मात्र अर्ज उघडण्याआधी विचारता, “घरी काय म्हणता त्याला?” आणि पुढचे वीसच्या वीस प्रश्न त्या नावानं विचारता. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीबद्दल हे सगळं पत्र आहे म्हटलं तरी चालेल.

तुमच्या आधी आलेल्यांचे गठ्ठेही आमच्याकडे आहेत. त्यात एक आकडा सारखा दिसायचा: ३. कारण साधं आहे. दुसरा, पाचवा आणि बारावा सोडून बाकी सगळ्या प्रश्नांत ‘नाही’ला गुण पडतो, या तिघांत ‘हो’ला. समोर सरकारी माणूस बसलाय म्हणून आईनं भिडेपोटी सगळ्यालाच ‘हो’ म्हटलं, की बेरीज बरोबर ३. म्हणजे मध्यम जोखीम. यात धडधाकट पोर नाहक अडकतं, आणि ज्याचे खरे ८, म्हणजे मोठी जोखीम, यायला हवेत तेही त्याच ३ मध्ये लपतं. ३ ते ७ गुण आले की गुण पडलेले प्रश्न उदाहरणं देऊन पुन्हा विचारायचे आणि दोन किंवा जास्त गुण तरीही राहिले तरच पुढे पाठवायचं, ही दुसरी पायरी मूळ पद्धतीतच आहे. ती गाळून गठ्ठे पाठवणाऱ्यांना काय म्हणावं! तुम्ही ती पायरी दारात उकिडवं बसून करता. आवाजाच्या प्रश्नात व्हॅक्युम क्लीनरच्या जागी कुकरची शिट्टी आणि मिक्सर विचारता.

तिसऱ्या प्रश्नावरची तुमची एक नोंद आम्ही नव्या मुलींना शिकवताना वाचून दाखवतो. आई म्हणाली, “हो, भातुकली खेळते की, तासन्‌तास.” तुम्ही विचारलंत, “म्हणजे नेमकं काय करते?” चूल, तवा, पातेली, सगळं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. एक भांडं हललं की आकांत. खोटा खोटा चहा कुणाला कधी मिळालेला नाही. ‘हो’च्या खाली लपलेला ‘नाही’ असा असतो. ऑटिझमवरच्या सुरुवातीच्या गाजलेल्या लेखात डॉ. लिओ कॅनरनं १९४३ मध्ये वर्णन केलेल्या ११ मुलांत ८ मुलगे होते, आणि पुढेही ऑटिझमचं चित्र मुलग्यांवरूनच रंगत गेलं. शांत, ओळी लावणारी मुलगी आपल्याकडे ‘गुणी’ ठरते. दवाखान्याची वाट न बघता वस्तीत शोधलं, तर मुलगे आणि मुली यांचं चारास एक म्हणून सांगितलं जाणारं प्रमाण तिनास एकच्या जवळ येतं, हे २०१७ मधल्या एकत्रित अभ्यासात दिसलं.

गरिबाच्या, उपेक्षिताच्या पोराचं निदान उशिरा होतं, हेही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावरच्या मुलांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा गोऱ्या मुलांचं निदान सरासरी ६.३ व्या वर्षी आणि कृष्णवर्णीयांचं ७.९ व्या वर्षी झालेलं निघालं. २००२ चा अभ्यास. आपल्याकडे ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणून दोन-दोन वर्षं घालवणारे डॉक्टर आहेत, आणि बोलावणं निघेपर्यंत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. म्हणून तुमच्या अर्जावर ‘एप्रिलात परततील, मुकादमाचा नंबर मागे’ असं दिसलं की बरं वाटतं. अशी माणसं कुठल्याही खात्यात असतात, त्यांच्या जिवावरच खाती चालतात, आणि भत्त्याची फाइल मात्र त्यांचीच अडते. असो.

पुढच्या फेरीचे अर्ज सोमवारी निघतील. प्रश्नावलीला हात लावायचा नसतो, म्हणून वरच्या माहितीच्या पानावर, पूर्ण नावाच्या खाली, आम्ही एक रेघ वाढवून घेतली आहे: ‘घरचं नाव’. तुमची पेन्सिल आता कोपऱ्यात घुसवायला नको.

आपली,
टेबलापलीकडची मंडळी