बोट उचलून दुसऱ्या रकान्यावर ठेवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम जय ख्रिस्त.

रविवारी उपासना सुटल्यावर तुमचे आभार मानायला आले होते, पण तोंडातून शब्द फुटेना. तुम्ही "अगं, मास्तरांना आधी सावलीत बसव" म्हणालात आणि निघूनही गेलात. म्हणून हे पत्र. उघडच लिहितेय, कारण यातलं थोडं इतरांनीही वाचायला हवं.

पप्पांची नजर काचबिंदूने गेली. यात गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चाळीस वर्षं चर्चच्या मंडळीत शास्त्रवाचन केलेल्या माणसाचं नाव पुढच्याच महिन्यात वाचकांच्या यादीतून निघालं. ते सांगायला कुणी घरी आलं नाही. लोक आले ते तेल लावून प्रार्थना करायला. त्यातल्या एकाने जाताना दारात मला हळूच विचारलं, घरात कुणाचं काही कबूल करायचं राहिलंय का? पप्पांना ऐकू चांगलं येतं, काका. त्या रात्री ते जेवले नाहीत.

हाच प्रश्न बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात येशूचे शिष्य विचारतात: हा जन्मापासून आंधळा आहे, तर पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. इतकं स्वच्छ उत्तर शास्त्रात असताना आपल्या लोकांना तोच प्रश्न पुन्हा का पडतो, मला कळत नाही. त्या माणसाला दिसू लागल्यावर धर्मपुढाऱ्यांनी त्याला बाहेर घालवलं. पुढचं वचन सांगतं की त्याला घालवल्याचं येशूने ऐकलं आणि त्याला गाठलं. हे वचन मी शब्बाथ शाळेपासून ऐकतेय, पण "ऐकलं" या शब्दापाशी कधी थांबले नव्हते. तुम्हीही कुठून तरी ऐकलंत आणि शनिवारी दारात उभे राहिलात.

आत येऊन पप्पांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलंत आणि विचारलंत, "मास्तर, तुमच्यासाठी काय करू?"

काका, दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी त्यांना तीन आरोग्यसभांना, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभांना, नेलं. गर्दीत त्यांचा हात धरून पुढे ढकललं आणि प्रत्येक वेळी घरी येताना देवावर चिडले. पुढे उपासनेतलं प्रभूभोजन, येशूच्या आठवणीतली ती भाकर आणि द्राक्षरस, घेणंही सोडलं. त्यांना नेमकं काय हवंय, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. डोळे माझे शाबूत होते.

पप्पा म्हणाले, "मला उभं राहून वाचायचंय." तुम्ही हसला नाहीत, "कसं शक्य आहे" म्हणाला नाहीत. "कुठला भाग घेऊ?" एवढंच विचारलंत. त्यांनी मार्क १० सांगितला. बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट ४६व्या वचनापासून आहे, पण पप्पा म्हणाले ३५पासून घ्या. कारण येशू तिथे याकोब आणि योहानालाही तेच विचारतो: तुमच्यासाठी मी काय करावं? ते मागतात त्याच्या उजवी-डावीकडची मानाची जागा. यरीहोच्या वाटेवरचा भिकारी मागतो दृष्टी. प्रश्न एकच, पण डोळस शिष्यांना जे दिसलं नाही ते त्या आंधळ्याने आधीच ओळखलं होतं. तो येशूला "दाविदाच्या पुत्रा", म्हणजे मसीहा, अशी हाक मारत होता, आणि लोक त्याला गप्प बसवत होते. पप्पांनी हे सगळं मला त्या शनिवारी समजावलं, पूर्वी वर्गात समजावायचे तसं.

अठरा वचनं पाठ व्हायला चार शनिवार लागले. पाळकसाहेबांना तुम्ही कसं राजी केलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

आणि मग तो रविवार. तुम्ही पप्पांना पुलपिटपाशी नेलंत. त्यांना पाठ आहे हे साऱ्या मंडळीला माहीत होतं, तरी तुम्ही समोरचं शास्त्र उघडलंत, पान शोधलंत आणि त्यांचं बोट ३५व्या वचनावर टेकवून एक पाऊल मागे झालात. ते वाचू लागले. बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. पहिला रकाना संपला तशी तुम्ही मागून हात पुढे केलात, त्यांचं बोट अलगद उचललंत आणि दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलंत. पप्पांचा आवाज कुठेही अडला नाही.

काका, मला रडू फुटलं ते तिथे. पाठ म्हणून दाखवणारा आंधळा म्हातारा असं तुम्ही त्यांना उभं केलं नाहीत. तुम्ही त्यांना वाचक म्हणून उभं केलंत. माझी आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. तिथे आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत, त्या बोटांनी वाचत, असं ती सांगायची. पप्पांना ब्रेल येत नाही, पण त्यांचं बोट पानावरून सरकताना मला आजीच आठवली.

चांगली माणसं मोठं काही करत नाहीत हो. समोरच्याचा मान कुठे आहे ते त्यांना दिसतं आणि ती तिथे हात लावतात. गेल्या रविवारी मी प्रभूभोजन घेतलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

पप्पांनी आता योहान ९ धरलाय. एकेचाळीस वचनं आहेत, त्यामुळे शनिवारी जरा लवकर या. चहा तयार असेल.

तुमची,
मास्तरांची थोरली