पोटावर खूण करण्याआधी तुम्ही बाबांना मांडी घालून बसवलंत

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

डिचोलीहून लिहितेय. पखवाजवाले काका म्हटलं की तुम्हाला बाबा आठवतील. परवा तपासणीला आलो तेव्हा तुमच्याशी बोलायचं होतं, पण शब्दच फुटेना, नुसतेच डोळे भरून आले. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांना वाचता येईल असं.

आठ महिने बाबांना शौचावाटे रक्त जात होतं. एका दवाखान्यात मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्ण मिळत राहिलं. गुदाशयातली गाठ नुसत्या बोटाने तपासली असती तरी हाताला लागली असती, इतकी खाली होती. त्या आठ महिन्यांत कुणी हातमोजासुद्धा चढवला नाही. "वयोमानाने होतं असं," एवढंच, तेही मान वर न करता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाठ काढायची शस्त्रक्रिया रोबोटने करायची म्हटल्यावर आई हबकली. यंत्र आपल्या माणसाला कापणार, हेच तिच्या डोक्यात. तुम्ही खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलात. यंत्र आपणहून काहीच करत नाही, मी बाजूला बसून आतलं सगळं मोठं करून बघतो, माझी बोटं हलतील तशी ती बारीक हत्यारं मनगटासारखी वळतात, असं समजावलंत. पुरुषाच्या कंबरेची हाडं अरुंद, त्या खोल जागेत लघवीच्या नसा जपायच्या, म्हणून रोबोट. आणि कुणी न विचारता हेही सांगितलंत, की २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या अभ्यासात, ऐनवेळी पोट उघडावं लागण्याच्या बाबतीत रोबोट दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरल्याचं सिद्ध झालं नाही. महागडी गोष्ट गळ्यात मारणारा माणूस असं बोलत नाही. आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "करा."

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती आदल्या दिवशीची संध्याकाळ. काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागणार होती, तिची जागा ठरवायची होती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. तुम्ही विचारलंत, "काका, धोतर खंय बांदतात?" मग त्यांना धोतर नेसायला लावलंत. उभं केलंत, वाकवलंत, आणि म्हणालात, "आतां भजनाक बसतात तशे बसून दाखयात." बाबा पलंगावर मांडी घालून बसले. मांडीवर पखवाज असल्यासारखे हात आपोआप उचलले गेले. पोटाला घडी कुठे पडते, हात कुठून फिरतो, ते तुम्ही वाकून बघितलंत आणि त्यानंतरच काळ्या पेनाने छोटासा गोल काढलात. पाच मिनिटांचं काम. पण किती महिन्यांनी बाबांकडे कुणीतरी पखवाज वाजवणारा माणूस म्हणून बघत होतं! त्या रात्री ते गोलावर बोट ठेवून झोपले.

हुशार डॉक्टर आम्हाला आधीही भेटले होते. समोरच्याचं घर, त्याचं बसणं-उठणं विचारणारा माणूस मात्र क्वचित भेटतो, आणि तो भेटला की अर्धं दुखणं तिथेच हलकं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पिशवी निघाली. लघवीचा काही त्रास नाही. पोटावरचे वण बाबा येईल त्याला दाखवतात.

चवथीला आमच्याकडे रात्री आरत्या आणि भजन असतं. पखवाजाला बाबाच बसणार आहेत. घरच्यांना घेऊन या, जेवूनच जायचं.

तुमची,
काकांची थोरली मुलगी