नऊवारीची दीडवारी करणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण जांभळी नाक्याच्या बाजूला पिको-फॉलची पाटी लावून बसलेल्या बाईंना बाहुल्यांचे कपडेही येतात, हे बार्बीच्या जुन्या मराठी सिनेमातल्या नायिका करणाऱ्या माझ्यासारख्या चार वेड्यांना कळायला हवं. नाव-पत्ता देऊ नको असं तुम्हीच बजावलंत. दिवाळीच्या ब्लाऊजांचा ढीग आधीच आहे म्हणे.

ठाण्यात मी आधी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले, त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. तुम्ही सरळ टेप काढलीत. मापं वहीत लिहिलीत आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलंत ‘जयश्रीबाई’.

बार्बी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा आली १९५९ साली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ही त्याच सालचा. म्हणून माझ्या जुन्या नायिकांमध्ये पहिला मान जयश्री गडकरांना, हे माझं आपलं गणित. चेहरा घरीच केला होता. कारखान्याचा रंग ॲसिटोनने पुसायचा, मॅट स्प्रे मारायचा, मग भुवया, डोळे, ओठ नव्याने काढायचे. (ॲसिटोन धडाला लागू द्यायचा नाही, कडक प्लास्टिक विरघळतं.) अडलं ते साडीपाशी.

साडेअकरा इंचाची बाहुली म्हणजे माणसाचा साधारण सहावा हिस्सा. त्या हिशेबाने नऊ वारांचं दीड वार आणि पन्हा साडेसात इंच. पण तेवढं कापड नेसवलं की कंबरेला नुसतं बोचकं. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, “लांबी-रुंदीला सहाने भागलंस, जाडीला कोण भागणार?”

आणि मग तुम्ही दीड वाराचा हट्टच सोडायला लावलात. जुन्या ओढणीची झिरझिरीत मलमल घेतली. आतल्या, न दिसणाऱ्या निऱ्या गाळून टाकल्या. काष्टा वेगळा शिवला, शाळेच्या गॅदरिंगला मुलींना घालतात त्या शिवलेल्या नऊवारीसारखा, आणि कंबरेला मागून एकच प्रेसबटण. तरी समोरच्या निऱ्या फुलून उभ्याच राहत होत्या. तेव्हा साबुदाण्याची खळ! ओल्या निऱ्या थर्माकोलवर टाचण्यांनी दाबून रात्रभर ठेवल्यात आणि सकाळी त्या अशा पडल्या, की माझ्या स्वतःच्या नऊवारीला कधी पडल्या नाहीत.

रंगाचा वाद तर मी विसरणार नाही. सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे मी हिरवा की जांभळा यात अडकलेली. तुम्ही मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिलात आणि निकाल दिलात: अंग गडद, काठ फिका, एवढं पाळ, बाकी तुझी हौस. मी डाळिंबी निवडला. तो बाहुलीच्या पायांवर उतरेल म्हणून कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलंत, वर आत पांढरं अस्तर दिलंत. संग्राहकांना हे डाग चांगले माहीत आहेत. एकदा व्हिनाइलमध्ये रंग मुरला की सहजासहजी निघत नाही.

बुगडी हा तुमचा स्वतःचा हट्ट. ती कानाच्या पाळीला नाही, वरच्या कडेला हवी, असं म्हणून मोत्याच्या डोक्याची टाचणी अर्धी कापून तिथे रोवलीत. नंतर ती दोनदा पडली. तेव्हा गाण्यातही सांडतेच म्हणून इतक्या मोठ्याने हसलात, की बाहेर फॉलसाठी थांबलेल्या बाई आत डोकावल्या.

पैसे मात्र तुम्ही फॉल-पिकोचेच घेतलेत. हे काही बरोबर नाही, काकू. पुढची बाहुली ‘पिंजरा’तल्या संध्याबाईंची आहे. तिला गुडघे-कोपरं वाकणारं धड आणलंय, म्हणजे नाचाची पोझ देता येईल. पण मग शिवलेला काष्टा ताणला जाणार, याचा विचार करून ठेवा. आणि या वेळी शिलाई ठरवल्याशिवाय मी कापड देणार नाही. दिवाळीची गर्दी ओसरली की येते.

तुमची,
बाहुलीवाली