टाकी तेवढीच, मग गॅस दुप्पट कसा?

संपादक महोदय,

गोठ्यावरचे बायोगॅस संयंत्र रोज १०० वरून २०० घनमीटर गॅसवर नेल्याची बातमी काल आपण पहिल्या पानावर छापलीत. पण वाढवले काय? गॅस साठवायचा नवा बलून आणि नवा जनरेटर. डायजेस्टरचा, म्हणजे शेण कुजवणाऱ्या टाकीचा, उल्लेख अख्ख्या बातमीत नाही.

१०० घनमीटर गॅसला रोज अडीच टन ताजे शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे ५,००० लिटर काला. आपल्या हवामानात तो ४० दिवस आत राहायला हवा, म्हणून टाकी २०० घनमीटरची. तिच्यातच काला दुप्पट ओतला की मुक्काम २० दिवसांवर येतो. शेण अर्धवट कुजून बाहेर पडते, स्लरीला घाण वास मारतो, माश्या घोंगावतात आणि गॅस काही दुप्पट होत नाही.

शेण कमी पडले तर हॉटेलचे खरकटे टाका, हा सल्ला त्याहून घातक. खरकटे झपाट्याने आंबते आणि तयार झालेले आम्ल मिथेनच्या जिवाणूंना तितक्या लवकर संपवता येत नाही. सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला की गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढतो, ज्योत टिकत नाही, काल्याला आंबूस वास येतो. मग लोक चुन्याची पोती रिकामी करतात. जास्तीचा चुना तळाशी बसतो आणि टाकी आणखी लहान होते. त्यापेक्षा भरण थांबवावे, चालू संयंत्रातली स्लरी आणून विरजणासारखी घालावी आणि सामू सातवर स्थिरावला की भरण आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे.

स्लरीबद्दल तर कोणी बोलतच नाही! जितके आत, जवळजवळ तितकेच बाहेर: दुप्पट भरणात रोज १०,००० लिटर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत १२ लाख लिटर, आणि नेमका तेव्हाच शेतात वाफसा नसतो. उघडा खड्डा भरून वाहिला की स्लरी ओढ्यात, तिथून शेजारच्याच्या विहिरीत. स्क्रू प्रेसने चोथा वेगळा काढण्याची सोय आणि पातळ भागासाठी झाकलेली टाकी नसेल, तर विस्ताराला मंजुरीच देऊ नये.

आणखी एक. '२०० घनमीटर म्हणजे २०० किलो सीएनजी' असे आपण छापले आहे. एक घनमीटर बायोगॅस शुद्ध केल्यावर जेमतेम ४०० ग्रॅम मिथेन हाती येतो, म्हणजे २०० घनमीटरचा सुमारे ८० किलो. आपल्या आकड्यावर विसंबून कोणी शेतकरी कर्ज काढण्याआधी दुरुस्ती छापा, आणि तीही पहिल्या पानावरच.

एक वाचक, संगमनेर